डोळा कागदावर चिकटवल्यासारखा का दिसतो?

प्रश्न : फोटो समोर ठेवून पेन्सिलीने डोळे काढते. पापणीचा एकेक केस नीट काढला तरी डोळा सपाट दिसतो. कुठे चुकतं?

उत्तर : पापणीचे केस सगळ्यात शेवटी काढायचे. आधी गोळा मनात धरा. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा असतो. पापण्या त्याच्यावरून वळून जातात, म्हणून त्यांच्या कडाही वळतात. बदामाचा आकार दोन्हीकडे सारखा काढू नका. वरच्या कडेचा उंच बिंदू नाकाच्या बाजूला असतो, खालच्या कडेचा खोल बिंदू कानाच्या बाजूला.

बुबुळ गोळ्याच्या जवळपास निम्मं, १२ मिलिमीटरच्या आसपास. पूर्ण वर्तुळ हलक्या हाताने काढा आणि वरच्या पापणीखाली जाणारा भाग पुसा. तो पुसला नाही तर माणूस दचकलेला वाटतो. चमकेची जागा आत्ताच आखून कोरी ठेवा, नंतर रबराने काढलेली चमक मळकट राहते. ही चमक बुबुळावर नसते, त्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर असते. त्यामुळे ती बाहुलीची, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याची, कड ओलांडून गेली तरी चालते. प्रकाश डावीकडून वरून असेल तर चमकही डावीकडे वर, आणि बुबुळ उजवीकडे खाली उजळ. बाहुली ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने, बुबुळ त्याहून फिकट २बीने.

आता पांढरा भाग. तो पांढरा नसतोच! वरच्या पापणीची सावली त्यावर आणि बुबुळावरही पडते, कोपऱ्यांकडे तो आणखी काळवंडतो. आणखी फिकट एचबी पेन्सिलीने इथे छटा दिली नाही तर गोळा वळतच नाही. याहून जास्त वेळा राहून जाते ती खालच्या पापणीची जाडी. पांढरा भाग आणि केसांची मुळं यांच्यामध्ये एक अरुंद, ओलसर, उजळ पट्टी असते. तिथे एकच काळी रेघ ओढली की सगळी मेहनत सपाट होते. तुमचंही बहुधा इथेच बिघडत असावं.

केस या पट्टीच्या बाहेरच्या कडेतून निघतात. मुळाशी दाब, टोकाला पेन्सिल उचलायची. दोन-तीन केसांची टोकं जवळ आणा. कंगव्याच्या दातांसारखे सारख्या अंतरावर नकोत.

प्रश्न : फोटोसारखं जमतं, पण माझी अशी शैली दिसत नाही.

उत्तर : काय गाळायचं हे ठरवायला लागा. एकच चेहरा तीनदा काढा: फक्त रेषेत, फक्त काळ्या-पांढऱ्या दोन छटांत, आणि एकच डोळा बारकाईने काढून बाकीचा चेहरा सोडून देत. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६२८ च्या सुमारास काढलेलं तरुणपणीचं आत्मचित्र जरूर पाहा: डोळे सावलीत जवळजवळ बुडालेत, उजेड गालावर आणि मानेवर आहे, तरीही नजर आपल्यावर रोखलेली जाणवते. तिन्हींपैकी जे करताना हात रमला, तेच पुढच्या दहा वेगळ्या चेहऱ्यांवर करा. वय वेगळं, प्रकाश वेगळा, गाळण्याची पद्धत मात्र तीच.