नर्सिंगची पहिली नोकरी धरण्यापूर्वी

जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची तीन वर्षे पूर्ण होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती आली की पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि त्यात गैर काही नाही; घरचे कर्ज फेडण्यासाठी या पेशात आलेल्या मुली सेवाभावाने आलेल्यांपेक्षा कमी टिकतात, असे मला कधी दिसले नाही. मुंबईत परिचारिका नोकरी सोडतात त्या बहुधा रुग्णांना कंटाळून नव्हे. वॉर्डात एकटीला पेलवणार नाहीत इतके रुग्ण असतात, नातेवाइकांचा राग डॉक्टरांऐवजी तिच्यावर निघतो, आणि रात्रपाळीनंतर ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती सोपवून, औषधांच्या नोंदी पुऱ्या करून विरारची गाडी पकडेपर्यंत घरातले मूल शाळेत गेलेले असते. म्हणून महिन्याला रात्रपाळ्या किती, त्यानंतर सुट्टी मिळते का आणि क्वार्टर्स आहेत का, हे आधी विचार.

खासगी रुग्णालयाने बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, पुढे केला तर पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नकोस. मूळ प्रमाणपत्रे तर कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत गर्दी अफाट असते, पण कायमस्वरूपी पद मिळाले तर नोकरीची शाश्वती असते, शिवाय हातही लवकर बसतो. पुढे आखाती देशांत जायचा विचार असेल, तर प्रत्येक ठिकाणचा अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच घे, कारण नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.

सुरुवातीच्या महिन्यांत सुई लावताना रुग्णाची शीर सापडली नाही म्हणून राजीनामा मात्र लिहू नकोस.