बालीतल्या कुटाला पहिल्यांदा सर्फिंगला जाताना

मे ते सप्टेंबर धर. तेव्हा आग्नेयेचा वारा असतो, म्हणजे कुटाच्या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे, आणि लाट छान उभी राहते. डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि वाहून आलेलं प्लास्टिक. मी एकदा गेलो होतो. लाटांपेक्षा पिशव्याच जास्त पकडल्या.

शिकायला कुटाच बरं. तळाशी वाळू आहे, पडलास तर फार फार तर नाकातोंडात पाणी जाईल. बालीतल्याच उलुवातूचे फोटो बघून तिकडे पळू नकोस, तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे, कातडं सोलून काढतं. बोर्ड लांब आणि मऊ घे. अंगात रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, हवाच. उघड्या पोटाने तासभर बोर्डावर घासलास की रात्री पालथं झोपता येत नाही. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पड.

रात्री शेजारच्या लेगियनला खुशाल नाच. फक्त स्वस्त कॉकटेलमधला अराक (तिथली गावठी दारू) नको: भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने बालीत माणसं दगावली आहेत. सीलबंद बिअर घे. पिऊन स्कूटर तर अजिबात नाही. आणि बाराच्या आत परत ये, कारण पहाटे वारा पडलेला असतो आणि पाणी अगदी काचेसारखं.