एनसीआरबीचे गुन्ह्यांचे आकडे खरे की नाही, हे कोण तपासतं?

एनसीआरबी, म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो, स्वतः गुन्हे मोजायला जात नाही. १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय गृहखात्याखाली येते. राज्यांनी पाठवलेले आकडे ती एकत्र करून छापते. आकड्यांचं मूळ पोलीस ठाण्यातच. हवालदाराने एफआयआरऐवजी नुसती एनसी (अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली, तर तुमचा चोरीला गेलेला मोबाइल दखलपात्र गुन्ह्यांत दिसणारच नाही.

त्यात ‘मुख्य गुन्हा’ हा नियम. घरफोडी करताना खून झाला, तर एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे खूनच, मोजतात. घरफोडी गायब!

उशीर वेगळाच: २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. म्हणून आकडा वाढला की गुन्हेगारी वाढली असं मी तरी धरत नाही. कधीकधी ठाण्यात तक्रारी नीट घेतल्या जाऊ लागलेल्या असतात.