खुर्चीत बसून बघ

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. 'काका, सगळं घेतलं, तरी पिक्चर मी मोबाईलवरच बघते, पलंगावर लोळत. साउंडबार बदलू का?' मोबाईलवरच उत्तर लिहायला घेतलं, पण चार ओळींत बोटं अडखळायला लागली आणि रागही यायला लागला. म्हणून कागद घेतला. काकू हे टाइप करून तुला पाठवेल. मधे तिच्या पदरचं काही घुसलं तर तू ओळखशीलच.

साउंडबार बदलू नकोस.

घर छान आहे, स्वतःच्या पगारातून केलंस, हे तुलाही माहीत आहे नि मलाही. त्यावर शाई घालवत नाही. मला बोलायचंय ते टीव्ही, मॉनिटर, साउंडबार लावलेल्या तुझ्या त्या खोलीबद्दल.

वास्तुशांतीला आम्ही कोलशेतला आलो तेव्हा तू सगळ्यांना त्या खोलीच्या दाराशी नेलंस, आवाज दिलास आणि जांभळे दिवे लागले. सगळे 'वा!' म्हणाले. तुझ्या मामांनी व्हिडिओ काढला. मग सगळे जेवायला वळले. एवढ्या माणसांत त्या खोलीत कोणी टेकलंसुद्धा नाही. टेकायला जागाच नव्हती म्हणा. रेसिंगच्या गाडीतून उचकटून आणल्यासारखी ती एक खुर्ची, आणि पलंगावर आहेराच्या पिशव्या.

पंगत बसली तेव्हा मी हात धुवायच्या निमित्तानं परत आत गेलो आणि तुझ्या खुर्चीत बसलो. विचारलं नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला अशा खोडी असतात.

दिव्यांची पट्टी दारातून दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. खुर्चीत बसलं की फळीखालचे ते ठिपके थेट डोळ्यांत येतात. मॉनिटर तू दाराकडे तिरका केलायस. एक कड दुसरीपेक्षा चार बोटं पुढे आहे, मी मोजलं. फोटोत तो सरळ दिसत असेल. तू मात्र रोज आठ तास मान वळवून काम करतेस आणि मला विचारतेस, काका, मानेसाठी ठाण्यात डॉक्टर कुठला चांगला.

मग साउंडबार बघितला. त्याच्या पाठीवर वरच्या बाजूला दोन जाळ्या आहेत. तिथून आवाज छताकडे जातो, छतावरून उलटून तुझ्यापर्यंत येतो आणि पाऊस वरून पडल्यासारखा वाटतो. ॲटमॉसचे जास्तीचे पैसे मोजलेस ते त्याचेच. तुझ्या इंटिरियरवाल्यानं तो खणात बसवलाय आणि वर वीतभर अंतरावर प्लायची फळी ठोकलीय. तुझा पाऊस त्या फळीवर पडतोय.

माउस हलवला तर बाण अडखळत होता. सेटिंग उघडलं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, चालतोय ६० वर. सेकंदाला १४४ चित्रांचे पैसे मोजलेस आणि सात महिने ६० बघितलीस. विंडोजमध्ये ते हातानं बदलावं लागतं, पुष्कळदा आपोआप होत नाही. फोटोत ६० काय नि १४४ काय, सारखंच. मी ते बदलून ठेवलंय. आठवडा झाला. तुझ्या लक्षात आलं का? खरं सांग.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तो सेटअप तू दारातून लावलायस, आणि सेटअप खुर्चीतून लावायचा असतो. खुर्चीत बसून बघ. जे खुर्चीतून बरं दिसत नाही, बरं ऐकू येत नाही, हाताला लागत नाही, ते कितीही महाग असलं तरी तिथे चुकीचं आहे. तुझं शरीर तुझ्यापेक्षा हुशार आहे, ते गुपचूप पलंगावर जाऊन पडतं.

वागळे इस्टेटीत मी एकतीस वर्षं पॅनेल वायरिंग केलं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरचं फेरूल, म्हणजे नंबर छापलेली छोटी नळी, घालायचो. रात्री अडीचला मशीन बंद पडलं की फिटर पॅनेलचं दार उघडून बॅटरीच्या उजेडात उकिडवा बसतो, त्याला ते नंबर वाचता यायला हवेत. पॅनेलला बाहेरून कुठला रंग दिलाय याचं त्याला सोयरसुतक नसतं. तुझ्या टेबलामागे नऊ वायरी एका पांढऱ्या जाळीत कोंबल्यात. सुरेख दिसतात. त्यातली मॉनिटरची कुठली, सांग बघू न ओढता? कागदी टेपचा तुकडा, त्यावर पेनानं नाव, दोन्ही टोकांना. अर्ध्या तासाचं काम.

तू म्हणशील, दाखवण्यात वाईट काय आहे? काहीच नाही. चरईतल्या आमच्या चाळीत १९८४ साली टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकतं शटर, वर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर. अण्णांनी तो दाराकडे तोंड करूनच ठेवला होता, आणि दाखवायलाच ठेवला होता. पुढे ओनिडाच्या जाहिरातीतला शिंगवाला सैतान शेजाऱ्यांच्या हेव्यावर टीव्ही विकायला लागला. आमच्याकडे हेवा करणारे शेजारी आमच्याच सतरंजीवर बसलेले असायचे. शनिवारी मराठी पिक्चर लागला की खोलीत, उंबऱ्यावर, गॅलरीत माणसं. चित्र हललं की अण्णा छपरावर चढायचे, अँटेना फिरवत वरून ओरडायचे, 'आलं का?' आणि खालून तीस माणसं एका सुरात, 'गेलं!' तिथं दार हीच खुर्ची होती गं. मिरवायचं असेल तर असं मिरव, बघायला आलेल्याला बसता आलं पाहिजे.

हे शहाणपण माझ्याकडे जन्मजात आलं असं समजू नकोस. मी तुझ्यापेक्षा मोठा गाढव होतो.

२००५ मध्ये वर्तकनगरच्या घरात मी होम थिएटर आणलं, ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर नि बासचा एक डबा. अठ्ठावीस हजार रुपये, त्यातले बारा पतपेढीचं कर्ज काढून. पुढचे दोन स्पीकर शोकेसच्या दोन्ही बाजूंना. मागचे दोन भिंतीवर, असे की पाहुणा दारातून आत आला की डोक्यामागून आवाज यावा. मधला स्पीकर खरं तर टीव्हीच्या लगत हवा, पण तिथल्या खणात काकूचा काचेचा सेट होता. मग तो शोकेसच्या डोक्यावर गेला, सात फुटांवर, तोंड दाराकडे. आलेल्या माणसाला मी दारात उभं करायचो आणि त्याच्या डोक्याभोवती हेलिकॉप्टर फिरवायचो. ऑफिसातले सगळे येऊन गेले. साहेबसुद्धा.

अण्णांची आरामखुर्ची बाल्कनीच्या दाराशी होती, मागच्या डाव्या स्पीकरच्या बरोबर खाली. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे. पिक्चर चालू असताना दर दोन मिनिटांनी विचारायचे, 'काय म्हणाला रे तो?' मी म्हणायचो, 'अण्णा, कानाचं मशीन घ्या.' मोठ्यानं म्हणायचो, पाहुण्यांसमोर. मशीन घेतलंही त्यांनी. नंतर विचारायचे बंद झाले. मला वाटलं, मशीनचा उपयोग झाला. ते बाल्कनीत ट्रान्झिस्टर घेऊन बसायला लागले होते.

२००९ मध्ये ते गेले. वर्षभरानं रंगकाम काढलं, शोकेस सरकवलं, मधला स्पीकर तात्पुरता टीपॉयवर ठेवला आणि दमून मी त्या आरामखुर्चीत टेकलो. टीव्ही चालूच होता. नटाचा शब्दन् शब्द ऐकू आला. कुजबुजसुद्धा. ५.१ मध्ये बोलणं जवळजवळ सगळं त्या मधल्या स्पीकरमधून येतं, इतरांत संगीत आणि हेलिकॉप्टर. अण्णांच्या डोक्यावर मी चार वर्षं हेलिकॉप्टर फिरवत होतो. मग माहितीपुस्तक काढलं, त्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो, रिमोटवर तीन बटणं दाबून.

घर साडेपाचशे फुटांचं. त्या खुर्चीत मी तोवर एकदाही बसलो नव्हतो.

असो.

आता काकू मागून म्हणतेय की मागच्या दिवाळीत घेतलेल्या ॲम्प्लिफायरचंही लिही. लिहितो, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. चाळीस हजारांचा आहे. त्याला पुढे निळ्या उजेडातले दोन काटे आहेत, गाण्याबरोबर हलतात. तिचं म्हणणं, मी तो काट्यांसाठी घेतला. जुना ॲम्प्लिफायर खरखरत होता. व्हॉल्यूमची पट्टी झिजली होती, ती दीडशे रुपयांत बदलून मिळाली असती हे मला नंतर कळलं. शिवाय ते काटे माझ्या खुर्चीतूनच दिसतात, दारातून दिसत नाहीत. तेव्हा माझं तत्त्व शाबूत आहे. ती हसतेय. हसू दे.

तुझ्या खोलीकडे वळू. पैसे खर्च करायचे नाहीत, निदान तीन महिने. सुताराला बोलावून खणातली ती वरची फळी काढून टाक. टीव्ही खाली घे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर असतो, टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा. तुझा साडेपाचावर आहे, कारण फोटोत तो दोन दिव्यांच्या बरोबर मधे येतो. अंतर मात्र चांगलं आहे. ५५ इंचाला साडेपाच ते साडेसात फूट पुरतात, तुझ्या पलंगाच्या कडेपासून सात भरतात. एवढं एक आपसूक जमलंय.

टीव्हीचं चित्र तू दुकानातल्यासारखं भडकच ठेवलंयस. ट्यूबलाइटच्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून ते तसं असतं, घरात डोळे दुखतात. सिनेमाचं सेटिंग लाव. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, चार दिवस धीर धर. आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे असतं ते बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्यांच्या अधली-मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरतो आणि चांगला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

बासचा डबा तू कोपऱ्यात सारलायस. कोपऱ्यात बास फुगतो, सगळं घूं घूं ऐकू येतं. त्याची एक युक्ती आहे, दार लावून कर, लोक हसतील. डबा उचलून तुझ्या बसायच्या जागी ठेव, ढोलकीचं गाणं लाव आणि स्वतः खोलीत गुडघ्यांवर रांग. ज्या जागी ठोका मोकळा, नेटका ऐकू येईल तिथे डबा ठेव आणि तू परत आपल्या जागी बस. इथेही सुरुवात खुर्चीपासूनच, बघ.

काचेचा सीपीयू खणात कोंडू नकोस. मी हात लावला तेव्हा काच तापली होती आणि पंखे धापा टाकत होते. घोडबंदर रोडची धूळ आणि आपल्याकडची दमट हवा, दर महिन्याला जाळी काढून ब्रशनं झाड. आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात असं तुझा भाऊ म्हणत होता, ते हसण्यावारी नेऊ नकोस. अर्थिंग मी बघेन. तोवर तो एक्सटेंशन बोर्ड वापरायचा नाही. हे विनंतीवजा नाही.

एक गोष्ट त्या दिवशी बोललो नाही, आणि खरं म्हणजे तीच डोक्यात घोळतेय. सगळे दारात उभे होते तेव्हा तुझी आजी पॅसेजमध्ये स्टुलावर बसली होती. तिनं मला विचारलं, 'आत काय आहे रे एवढं?' मी म्हटलं, टीव्ही आहे. ती म्हणाली, 'हो का. रात्री आवाज येतो खरा.' एका भिंतीपलीकडे राहते ती.

त्या खोलीत तिला बसायला कुठे जागा करणार आहेस ते मला आधी कळव. हात असलेली खुर्ची लागेल, तिला उठताना आधार हवा. तिच्या जागेवरून टीव्ही किती फुटांवर येतो ते मोजून ठेव, साउंडबारमध्ये बोलणं वाढवायचं सेटिंग असतं ते शोधून ठेव, आणि तिच्या जागी दहा मिनिटं तू स्वतः बस.

रविवारी अकराच्या सुमारास टेस्टर नि मोजपट्टी घेऊन येतो. नाश्ता करून निघेन, पोहे घालू नका.

तुझा काका