वाचकांचे प्रश्न : चौथऱ्यावरची विमाने आणि त्यांची नोंद

प्रश्न : आमच्या शहरात एका चौकात जुने लढाऊ विमान चौथऱ्यावर बसवलेले आहे. महाराष्ट्रात व गोव्यात अशी जी विमाने उरली आहेत, त्यांची छायाचित्रांसह नोंद करण्याचे आम्ही काही मित्रांनी ठरवले आहे. कोणता कॅमेरा घ्यावा आणि फोटो कसे काढावेत, याचे मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कॅमेऱ्याची चिंता आपण सर्वांत शेवटी केली तरी चालेल. चांगला मोबाइलही या कामाला पुरतो. फक्त त्याची रुंद कोनाची भिंग वापरू नये, कारण तिने नाक फुगलेले आणि शेपूट आखडलेली दिसते. शक्य तितके मागे सरकून, झूम थोडा वाढवून, विमानाच्या दोन्ही बाजू, समोर, मागे आणि चारही तिरपे कोन असे आठ फोटो आधी घ्यावेत. त्यासाठी ढगाळ दिवस उत्तम, कारण कडक उन्हात पंखांखालचा सगळा भाग काळा पडतो आणि नेमकी तिथेच पाहण्यासारखी बरीच माहिती असते.

खरे काम या आठ फोटोंनंतर सुरू होते. विमानाची ओळख त्याच्या क्रमांकावरून पटवायची असते, आणि चौथऱ्यावरच्या विमानाचा क्रमांक डोळे मिटून खरा मानता येत नाही. दर काही वर्षांनी रंगरंगोटी होते, त्या वेळी जुना क्रमांक पुसला जातो, कधी एखादा आकडा चुकतो, तर कधी एखाद्या गाजलेल्या विमानाचा क्रमांक हौसेने रंगवला जातो. अशा वेळी संध्याकाळी परवानगी घेऊन जावे आणि विजेरी पत्र्याला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडावा. नव्या रंगाखाली जुन्या आकड्यांच्या कडा किंचित उंचवट्यासारख्या उमटलेल्या दिसतात, आणि त्यांचा फोटो त्याच प्रकाशात घेता येतो. रंग खरवडून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. खालचा थर हाच पुरावा असतो आणि खरवडल्यावर तो कायमचा जातो. पंख, शेपूट आणि मुख्य धड यांवर ठोकलेले क्रमांक वेगवेगळे टिपावेत, कारण प्रदर्शनासाठी उभी केलेली विमाने पुष्कळदा दोन-तीन विमानांचे भाग जोडून तयार केलेली असतात.

एकाच विमानाच्या अंगावर किती इतिहास साचतो, हे पाहायचे असेल तर गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयातले सुपर कॉन्स्टेलेशन पाहावे. तीन उभ्या शेपट्यांच्या या चार इंजिनी विमानावर आज नौदलाचा ‘आयएन 315’ हा क्रमांक आहे. मुळात ते एअर इंडियाचे प्रवासी विमान, नोंदणी व्हीटी-डीएचएम, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि तिथून 1976 साली समुद्रावरील टेहळणीसाठी नौदलाकडे आले. केवळ आजचा क्रमांक लिहून आपण थांबलो, तर आपल्या वेरूळचे नाव घेऊन परदेशी उडालेले विमान ते हेच, ही गोष्ट नोंदीतून निसटते. त्याच आवारात सी हॉक हे लढाऊ जेट, अलिझे हे पाणबुडीविरोधी विमान आणि नौदलाच्या हवाई शाखेच्या अगदी आरंभीच्या, 1953 सालच्या काळातले सीलँड हे जलस्थलचर विमानही आहे. समुद्र जवळ असल्यामुळे खारा वारा तिथे सतत लागतो. म्हणून रिव्हेटांभोवतीचा पांढरा क्षार, फुगलेला रंग आणि पिवळी पडलेली कॉकपिटची काच यांचे जवळून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्यावेत, आणि पुढच्या भेटीत त्याच जागांचे पुन्हा घ्यावेत. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातल्या एचएफ-24 मरुत या लढाऊ विमानासाठीही हीच पद्धत ठेवावी. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेल्या आणि 1961 साली प्रथम उडालेल्या या विमानाला माझ्या मते आपल्याकडे मिळायला हवे तेवढे लक्ष कधीच मिळालेले नाही.

तारीख, ठिकाण, वाचलेला क्रमांक आणि तो विमानावर कुठे वाचला, हे त्याच दिवशी फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवावे. वहीत लिहिलेले फोटोपासून वेगळे पडते.

प्रश्न : एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मागच्या कोपऱ्यात पंख काढून ठेवलेले ‘पुष्पक’ विमान दिसले. अशा लहान विमानाची नोंद कोणाच्या उपयोगी पडेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य नोंद करा, आणि लवकर करा. लढाऊ विमानाला चौथरा तरी मिळतो. कापडी आवरणाचे पुष्पक मात्र कोपऱ्यात पडून कुजते आणि एक दिवस भंगारात जाते. हिंदुस्थान एअरक्राफ्टने 1958 साली प्रथम उडवलेल्या या दोन आसनी विमानावर देशभरातल्या फ्लाइंग क्लबांतून अनेक वैमानिक शिकले. त्यामागे ज्यांचे काम होते ते डॉ. वि. मा. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेन येथे वायुगतिकीचे थोर शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते, आणि 1951 साली उडालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमानही त्यांनीच घडवले. दरवाजाच्या आसपास आगीत न वितळणारी धातूची ओळखपट्टी शोधावी. तिच्यावर व्हीटीने सुरू होणारी नोंदणी कोरलेली असते आणि कापड गेले तरी ती टिकते. कापड फाटलेले असेल तर आतल्या सांगाड्याचे फोटो आवर्जून घ्यावेत, कारण धडधाकट विमानात तो दिसत नाही. क्लबकडे त्या विमानाचे लॉगबुक, म्हणजे उड्डाणे आणि दुरुस्त्यांची नोंदवही, असेल, तर त्याच्या पानांचे फोटो घेण्याची परवानगी मागावी. माझ्या लेखी ती पाने विमानाच्या फोटोइतकीच मोलाची आहेत.

प्रश्न : लष्करी हद्दीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या विमानाचा रस्त्यावरून फोटो काढला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विचारल्याशिवाय काढू नये. विमान निवृत्त असले तरी त्याच्यामागची भिंत, फाटक आणि पहारा चालू आस्थापनेचा असतो, आणि शासकीय गुपिते अधिनियम, 1923 अशा प्रतिबंधित जागांना लागू होतो. त्या आस्थापनेच्या प्रमुखांच्या नावे उद्देश, दिवस आणि सोबतच्या व्यक्तींची नावे लिहून अर्ज करावा, काढलेल्या फोटोंच्या प्रती देण्याची तयारी त्यातच कळवावी, आणि लेखी होकार आल्यावर तो बरोबर ठेवूनच जावे.