रिकाम्या कांडीचा धोटा

विचारा, सांगते : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं, की पुण्याहून भाच्याचा फोन चालू असला की तो कामाबद्दल बोलतोय की क्रिकेटबद्दल तेच मला कळत नाही. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं ऑफिसच्या इंग्रजीला वैतागलेल्यांची, आणि दोन माझ्यावर वैतागलेल्यांची. त्यातली काही इथे घेते.

मी हिंडलग्याचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचे मॅनेजर प्रत्येक कॉल संपवताना 'लेट्स सर्कल बॅक', म्हणजे 'यावर पुन्हा बोलू', असं म्हणतात. आठ दिवसांनी तोच विषय, तेच बोलणं, आणि परत 'सर्कल बॅक'. टीममध्ये आम्ही चौघे मराठी आहोत. आमच्यापुरता एखादा शब्द द्या, हसू आलं तरी चालेल.

बाबा रे, बेळगावच्या वडगावात आमच्या घरी खड्ड्यातला हातमाग होता. वडील मागावर, आणि आई नि आम्ही बहिणी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायला. धोट्यात कांडी बसवायची आणि धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. म्हणजे तोही 'सर्कल बॅक'च करतो की! पण त्याच्या दर फेरीला ताण्यात एक आडवा धागा पडतो. दिवस मावळेपर्यंत वीतभर का होईना, साडी वाढलेली असते.

एखाद्या वेळी कांडी संपलेली वडिलांच्या ध्यानातच यायची नाही. खटक-खटक आवाज तसाच, हातपाय तसेच चाललेले, नि कापड जागच्या जागी. मग आजी सोप्यातनं ओरडायची, "अरं, कांडी संपली न्हवं! मोकळाच धोटा मारालास!"

तुमच्या कॉलचं दुसरं काही नाही. त्याला 'रिकामा धोटा' म्हणा. साहेबांनी 'सर्कल' म्हटलं की चौघांपैकी एकानं हळूच "कांडी?" एवढंच विचारायचं. पुढच्या वेळी बोलायला बसताना कोणाकडे नवा आकडा, ग्राहकाचं उत्तर, निदान नवी अडचण तरी आहे का? असेल तर धोटा फिरवा. नसेल तर जेवायला जा.

साहेबांना फार हसू मात्र नका. आपल्याकडे 'बघूया की' आहे, कन्नडमध्ये 'नोडोण' आहे. आमच्या ऑफिसात एकाच टेबलाभोवती तिन्ही ऐकलेत मी, आणि तिन्हींचा अर्थ 'नाही' असाच निघाला.

खानापूरजवळच्या एका शाखेत मी नोकरीला आहे. वरिष्ठ नेहमी म्हणतात, 'आधी लो हँगिंग फ्रूट घ्या.' ते सोपं काम नेमकं माझ्याच वाट्याला येतं आणि महिना खातं. याला काय म्हणू?

खानापूरच्या बाईनं हे मला विचारावं! तुमच्या परड्यात फणस नाही का? तो खोडालाच लागतो, कधी पार बुडाशी, जमिनीला टेकून. झाडावर चढायला नको, आकडी नको. आता तो कापायला बसा. हाताला तेल, विळीला तेल, खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि एवढं करून बोटांचा चीक काही लवकर जात नाही.

तुमच्या कामाचं नाव 'बुडाचा फणस'. वरिष्ठांनी पुढच्या वेळी सोपं काम म्हणून काही पुढे सरकवलं, की नम्रपणे विचारा, "सर, तेल कुणी द्यायचं?" म्हणजे माणूस किती, वेळ किती, परवानगी कोणाची. माझ्या अनुभवानं सांगते, या प्रश्नानंतर निम्मे फणस झाडाला परत जातात.

'बँडविड्थ नाही' याला मराठीत काय म्हणावं? (शहापूर)

'हात मोकळा नाही.' यात गंमत काहीच नाही, पण शब्द तयार असताना नवा कशाला पाडायचा? शहापूरच्या माणसाला गंमतच हवी असेल तर 'मागावर साडी आहे' म्हणावं. एक उतरल्याशिवाय दुसरी चढत नाही, हे तुमच्या विणकरांच्या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मी उद्यमबागेत इंजिनिअर आहे. तुम्ही फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, होता असं ऐकलं. आपल्या शॉपमधल्या शब्दांतून ऑफिससाठी काही निघतं का?

निघतं म्हणजे काय! ३१ वर्षं मी डिस्पॅचच्या टेबलावर होते. साच्यात हात घातला नाही कधी, पण कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, परत आलं की पहिला फोन मीच घ्यायची.

'बफर' म्हणतात ना, त्याला 'रायझर' म्हणा. ओतलेला रस थंड होताना आकसतो, म्हणून वर जास्तीचा रस ठेवायचा. तो आत उतरून कमी भरून काढतो. काम झालं की रायझर कापून परत भट्टीत. बफरचं नेमकं असंच असायला हवं, पण ऑफिसात तो कापतं कोण? चार दिवसांच्या कामाला सहा दिवस मागायचे, आणि सहाही वापरायचे. तेव्हा नुसतं "बफर किती?" असं न विचारता "रायझर कापला का?" असं विचारा.

दुसरा शब्द 'ब्लो होल'. वाळूत ओल राहिली, वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. वरून बघाल तर गुळगुळीत, हात फिरवावासा वाटेल. ग्राहकाकडे मशिनवर चढतं, दोन कट घेतात, आणि भोक उघडं पडतं. रंगीत तक्ते घातलेलं, पन्नास पानी, 'स्ट्रॅटेजिक'नं सुरू होऊन 'सिनर्जी'वर संपणारं प्रेझेंटेशन आठवा. अशा वेळी एकच करायचं, कट घ्यायचा : "म्हणजे सोमवारी सकाळी कोण काय करणार?" लोखंड असेल तर उत्तर येईल.

आमच्या एका साहेबांना मी हे एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं. पुढचे सहा महिने मला मीटिंगला बोलावलं नाही. त्या सहा महिन्यांत माझं काम झकास झालं, ती गोष्ट वेगळी.

असले गावठी शब्द सुचवण्यापेक्षा शुद्ध मराठी प्रतिशब्द द्यावेत. भाषेची थट्टा नको. (एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

गुरुजी, तुमचा राग मान्य. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते केवढं मोठं काम! तरीपण आज तुमच्या पत्रात 'कागद', 'तारीख' आणि 'अर्ज' तिन्ही आहेत, तेही सुरेख अक्षरात. सावरकरांचा 'महापौर' मात्र असा रुजला की तो घडवलेला शब्द आहे हे कुणाला आठवतही नाही. बेळगावात त्याची मुदत एकच वर्षाची, पण शब्द पक्का.

कुठला शब्द टिकेल ते आपल्या हातात नसतं. मला एवढंच कळतं, की 'समन्वयात्मक संरेखन' म्हटलं तर 'अलाइनमेंट'चा धूर तसाच राहतो, फक्त तो संस्कृत होतो. धोटा, चीक, रायझर यांच्यामागे हाताला लागणारी वस्तू आहे. आणि गावठी म्हणाल तर मी गावचीच.

'डेडलाइन'ला 'मुदत' फार मवाळ वाटतं. जरा धाक बसेल असं काही? (टिळकवाडी)

मूळ शब्दाला धाक आहेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक रेषा होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. तीच ही 'डेड लाइन'. एका एक्सेल शीटसाठी एवढं नको.

आपल्याकडे 'चित्ररथ निघायच्या आत' म्हणा. शिवजयंतीच्या मिरवणुकीला गल्लीचा चित्ररथ उभा राहायचाच असतो. आदल्या रात्री रंग ओला असेल, मावळ्याची मिशी सापडत नसेल, पण "पुढच्या आठवड्यात काढूया" असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

मीटिंगमध्ये झोप येऊ नये म्हणून काही खेळ आहे का?

आहे, तोही जुना. १९९३ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या टॉम डेव्हिस यांनी 'बझवर्ड बिंगो' काढला. चौकोनांत असले शब्द लिहायचे, साहेबांच्या तोंडून आला की खूण करायची, ओळ भरली की जिंकलात. आपल्या हाउजीसारखंच. बक्षीस पाव किलो कुंदा ठेवा, आणि जिंकल्यावर ओरडू नका.

शेवटचं एक : 'लेट्स टेक इट ऑफलाइन', म्हणजे 'हे मीटिंगबाहेर बोलू', याला काय म्हणायचं?

'चहाला चला.' फक्त पैसे कोण देणार ते मीटिंगमध्येच ठरवून घ्या.