हॉस्पिटलची एथिक्स कमिटी नियम बघून ठरवते की पेशंटची कहाणी ऐकून?

उपचारांवरून पेच पडला की सल्ला देणारी ही कमिटी; नागपुरातल्या एका हॉस्पिटलच्या अशा कमिटीत मी डॉक्टर नसलेला सदस्य आहे. (औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणारी कमिटी वेगळी.)

तत्त्वं चारच: पेशंटची इच्छा, त्याचं भलं, अपाय न करणं, न्याय. दहा मिनिटांत पाठ होतात. पण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंकडे यातलं एकेक तत्त्व असतंच. मग कुणीतरी म्हणतं, "अशी केस मागे आली होती ना?" आणि तिथून गाडी हलते.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये इतका बदलून. गडचिरोलीकडचे म्हातारे शेतकरी, व्हेंटिलेटरवर बारावा दिवस. फाईलमध्ये शेरा: 'नातेवाईक निर्णय टाळतात.' रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "टाळत नाहीत सर, मोठा मुलगा बहिणीची वाट पाहून राहिला." बहीण बालाघाटहून बसने यायची होती. मागच्या आजारपणात बापाजवळ तीच होती, आणि तिलाच ते म्हणाले होते, "मले मशिनीवर ठेवू नोका."

आमच्यातल्या वकीलसाहेबांनी अरुणा शानबाग प्रकरण काढलं. अरुणाबाई मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं भान हरपून तिथेच पडून होत्या. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने निष्क्रिय दयामरणाला (जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला) तत्त्वतः वाट दिली, पण अरुणाबाईंसाठी परवानगी दिली नाही. अर्ज पत्रकार-लेखिका पिंकी विराणींचा होता, तरी जवळचं माणूस म्हणून कोर्टाने धरलं ते वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना, आणि त्यांना अरुणाबाई जगायला हव्या होत्या. सारखेपणा इथे: उशाशी कोण बसलं, त्याचं ऐका. फरकही मोठा: अरुणाबाईंची आधीची इच्छा कोर्टापुढे नव्हती, इथे म्हातारबा स्वतः बोलून गेले होते.

मुलगी आल्यावर आम्ही तिघा भावंडांना एकत्र बसवलं. धाकट्याला ते वाक्य माहीतच नव्हतं. तो बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला, मग म्हणाला, "बाबा असंच बोलत." आम्ही फक्त सल्ला दिला. व्हेंटिलेटर काढायचा तर सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात आणि २०२३ च्या दुरुस्तीत आखलेली, दोन मेडिकल बोर्डांच्या मंजुरीची वाट चालावीच लागते.

कहाणीत धोकाही आहे. ज्याला छान बोलता येतं त्याचीच खरी वाटते. एकदा एका फर्ड्या जावयापुढे आम्ही सगळेच माना डोलवत बसलो होतो, पेशंटची बायको बाहेर बाकावर. तेव्हापासून आत कोण नाही ते मी आधी विचारतो. मीटिंग पाऊण तास लांबते, सेक्रेटरी डॉक्टर घड्याळ बघतात.